चित्रपट कंटाळवाणा वाटला, तर आधी काय तपासावे

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना दुपारच्या खेळाला जाणारे बरेच प्रेक्षक चित्रपटापेक्षा तिथल्या थंड हवेसाठी जातात, आणि मीही त्यांच्यातलीच एक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी सावजी मटणाचे भरपेट जेवण करून मी एका चित्रपटाला गेले, मध्यंतराच्या बऱ्याच आधी झोपले, आणि पुढची दोन वर्षे तो चित्रपट अत्यंत रटाळ असल्याचे भेटेल त्याला सांगत राहिले. पुढे हिवाळ्यातल्या एका रात्री तोच चित्रपट घरी पाहिला, तेव्हा ज्या भागाला मी रटाळ म्हणत होते तो भाग मी पाहिलेलाच नव्हता, हे लक्षात आले. तेव्हापासून कोणत्याही चित्रपटाला नावे ठेवण्यापूर्वी मी काही गोष्टी तपासून पाहते, त्या इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे कंटाळ्याला नेमके नाव देणे. आपण ‘बोअर झालं’ म्हणतो किंवा ‘काही दम नव्हता जी’ म्हणून विषय संपवतो. परंतु ‘डोक्यावरून गेला’, ‘पकवलं’, ‘संथ होता’, ‘ओढूनताणून लांबवला’ आणि ‘वाटलं होतं तसा नव्हता’ या पाच तक्रारी पाच निरनिराळ्या गोष्टींच्या आहेत. जो डोक्यावरून गेला तो पुन्हा पाहिल्यावर समजू शकतो; जो ओढूनताणून लांबवला आहे तो पुन्हा पाहिल्यावर अधिकच लांब वाटेल. म्हणून चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर, गाडी काढण्यापूर्वीच, ‘मला अमुक ठिकाणी कंटाळा आला, कारण…’ असे एक पूर्ण वाक्य मनाशी जुळवावे. ते जुळत नसेल, तर मत द्यायला अजून वेळ आहे असे समजावे.

कारण शोधताना मला सर्वांत उपयोगी पडलेली यादी सुमारे हजार वर्षांपूर्वीची आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिणारे काश्मीरचे अभिनवगुप्त यांनी रसास्वादात अडथळा आणणारी सात विघ्ने सांगितली आहेत. नाटक रंगले नाही, तर दोष नाटकाचाच असणार असे ते गृहीत धरत नाहीत. काही विघ्ने प्रयोगात असतात, काही प्रेक्षकात आणि एक तर केवळ साधनांचे असते. सातही विघ्ने प्रत्येक वेळी तपासण्याची गरज नाही, पण चार-पाच प्रश्न तरी स्वतःला विचारावेत.

आरंभ स्वतःपासून करावा. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असेल, तर त्याला दुसऱ्याच्या सुखदुःखाशी एकरूप होता येत नाही, असे अभिनवगुप्त म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून गायन, वादन, सजवलेला मंडप अशा गोष्टी सुचवतात. (आपल्या चित्रपटांतील गाण्यांना उठसूट नाके मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) माझे सावजी जेवण याच विघ्नात मोडते. कचेरीतले भांडण डोक्यात घेऊन रात्रीच्या खेळाला जाणे, दर पाच मिनिटांनी भ्रमणध्वनी पाहणे, किंवा मुलाच्या दहावीच्या निकालाच्या आदल्या संध्याकाळी ‘मन रमवायला’ म्हणून गंभीर चित्रपट निवडणे, हेही त्यातलेच. अशा वेळी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल ‘मी नीट पाहिला नाही’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

दुसरे विघ्न नागपूरकरांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे. समोर दिसणारे आपलेच आहे, किंवा दुसऱ्या कुणाचे तरी आहे, या भावनेत प्रेक्षक अडकला की तो कथेत शिरत नाही. 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ नागपुरात चित्रित झाला असून, हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कामावर तो बेतलेला आहे. तो आमच्या घरच्या मंडळींनी पाहिला तेव्हा पहिला बराच वेळ ‘हा रस्ता कोणता’, ‘ही भिंत कुठली’ हे ओळखण्यातच गेला, आणि नंतर दोघांनी तक्रार केली की कथा फार उशिरा पकड घेते. कथेने उशीर केला होता की आम्ही, हे त्या दिवशी ठरवणे अवघड होते. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे, त्यामुळे लांबीची तक्रार करायला जागा आहेच. परंतु ती तक्रार वेगळी आणि ही वेगळी. याच्या उलटही घडते: दूरच्या प्रांतातली, अनोळखी चालीरीतींची कथा ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून सोडून दिली जाते.

साधनांचे विघ्न तपासणे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. पडद्यावरचा प्रकाश मंद असेल, संवाद पार्श्वसंगीताखाली दबत असतील, मल्याळम किंवा तमिळ चित्रपटाची हिंदी भाषांतरित आवृत्ती ओठांशी जुळत नसेल, तर कंटाळा येणारच. दक्षिणेकडचे चित्रपट शक्यतो मूळ भाषेत, खाली उपशीर्षके असताना पाहावेत; वाचण्याची सवय दोन-तीन चित्रपटांत लागते. घरी पाहताना दिवे मालवावेत आणि शेजारी कूलर घरघरत असेल तर आवाज वाढवावा, कारण कुजबुजीत बोललेला एखादा महत्त्वाचा संवाद हुकला की पुढचा तासभर कुणाचे कुणाशी काय चालले आहे हेच कळत नाही.

हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते चित्रपटाचे. इथे माझ्या मते सर्वांत मोठा अपराध म्हणजे प्रधान गोष्ट कोणती हे न ठरवणे, आणि अभिनवगुप्तांच्या यादीतही अप्रधानता हे स्वतंत्र विघ्न आहे. थोडी प्रेमकथा, थोडी मारामारी, नायकाच्या मित्राचे विनोद, शेवटी समाजाला संदेश, आणि यांपैकी एकाही गोष्टीसाठी दुसरी थांबत नाही, असा चित्रपट पाहताना आपण सारखे नव्याने सुरुवात करत असतो, आणि थकतो. असा चित्रपट वेगवान असूनही कंटाळवाणा असू शकतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे: मध्यंतरात शेजारच्या व्यक्तीला विचारावे, ‘आता पुढे काय व्हावे असे तुला वाटते?’ उत्तरादाखल तिने खांदे उडवले, आणि आपल्यालाही उत्तर सुचले नाही, तर दोष बहुधा पडद्यावरचा आहे.

संथपणा मात्र दोष म्हणून नोंदवण्यापूर्वी थांबावे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला 2014 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही तो पाहून ‘यात काही घडतच नाही’ म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. न्यायालयाचा चित्रपट म्हटल्यावर आपण टेबलावर मूठ आपटणारा वकील आणि शेवटच्या क्षणी येणारा साक्षीदार यांची वाट पाहतो. इथे कॅमेरा लांब आणि बहुतेक वेळ स्थिर असतो, खटला तारखांमध्ये अडकतो, आणि न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागल्यानंतरही चित्रपट न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या सहलीपर्यंत जातो. ज्यांनी जिल्हा न्यायालयात किंवा तहसील कचेरीत एका कागदासाठी दिवस घालवले आहेत त्यांना या संथपणात नेमके काय चालले आहे ते कळते. म्हणून संथ दृश्यात मी चौकटीच्या मध्यभागावरून नजर काढून कडेला पाहते: मागच्या बाकावर कोण बसले आहे, कोण जांभई देतो, कोण उठून जातो. कडेलाही काहीच सापडले नाही, तर ते दृश्य संथ नसून रिकामे आहे, आणि तसे खुशाल म्हणावे.

किती वेळ संधी द्यावी? मी मध्यंतरापर्यंत देते. त्यानंतर उठून जाण्यात काही गैर नाही. तिकिटाचे पैसे खिडकीवर दिले तेव्हाच गेले, शेवटपर्यंत बसल्याने ते परत येत नाहीत, उलट संध्याकाळही जाते. एवढेच, की अर्धवट सोडलेल्या चित्रपटाविषयी बोलताना तो अर्धवट सोडला हेही सांगावे. परदेशी चित्रपट मध्यंतराच्या हिशेबाने रचलेले नसतात, त्यामुळे आपल्याकडे ते कुठेही तोडले जातात. तिथे मध्यंतर हा निकालाचा मुक्काम मानू नये.

चित्रपट निवडतानाच घ्यायची काळजी थोडी आहे. झलक एकदाच पाहावी, कारण तीन वेळा पाहिली की आपण मनात आपलाच एक चित्रपट तयार करतो आणि मग खरा चित्रपट त्याच्यापुढे फिका पडतो. ताऱ्यांच्या सरासरीवर विसंबू नये. दहा जणांनी प्रत्येकी तीन तारे दिले तरी सरासरी तीन येते, आणि पाच जणांनी पाच व पाच जणांनी एक दिला तरी तीनच येते. पहिला चित्रपट बहुधा कुणालाच फारसा आठवणार नाही, दुसरा आपल्याला अतिशय आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही. त्यापेक्षा एखादा हमखास विरोधक शोधून ठेवावा. माझ्या जाऊबाईंना जो चित्रपट ‘उदास आणि लांबलचक’ वाटतो तो मला बहुतेक आवडतो, आणि त्या ‘मस्त टाइमपास’ म्हणतात तेव्हा मी घरी राहते. आमच्या आवडी कधीच जुळल्या नाहीत, परंतु त्यांच्याइतका भरवशाचा समीक्षक मला मिळालेला नाही.

कुटुंबाने एकत्र जायचे असेल, तर बहुमताने निवड करू नये. बहुमतात कुणालाच नको नसलेला आणि म्हणूनच कुणालाच मनापासून हवा नसलेला चित्रपट निवडला जातो. पाळी लावावी: या वेळी सासूबाई, पुढच्या वेळी पुतण्या. ज्याची पाळी आहे त्याने जाण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगावे की हा चित्रपट का, आणि बाकीच्यांनी मध्यंतरापर्यंत शेरेबाजी करू नये. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात, ज्याची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, नाट्याचार्य गणदास म्हणतो की निरनिराळ्या रुचीच्या लोकांना अनेक परींनी रिझवणारे नाट्य हे एकच साधन आहे. गणदास आमच्या सासूबाई आणि पुतण्या यांच्यामध्ये बसला नव्हता, पण ‘अनेक परींनी’ हे त्याचे शब्द खरे आहेत. एकाच चित्रपटात सासूबाई घरातले नातेसंबंध पाहतात आणि पुतण्या पाठलागाचे चित्रीकरण.

नंतरच्या चर्चेत ‘चित्रपट वाईट आहे’ आणि ‘मला आवडला नाही’ ही वाक्ये वेगळी ठेवावीत. पहिल्यासाठी पडद्यावरचा पुरावा द्यावा लागतो, दुसऱ्यासाठी लागत नाही. समोरच्याला ‘तुला हे आवडलेच कसे’ असे विचारण्याऐवजी ‘तुला कोणता प्रसंग आठवतो’ असे विचारावे. त्याच्या उत्तरातून पुष्कळदा आपण न पाहिलेला चित्रपट सापडतो.

आणि आपले मत, त्याचे कारण आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. 1959 साली ‘कागज के फूल’ तिकीटबारीवर पडला आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा लावले नाही. आज त्याचे चित्रीकरण अभ्यासले जाते. 1975 मध्ये ‘शोले’चे पहिले काही दिवस थंड गेले होते. 2018 चा ‘तुंबाड’ सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्या वेळी त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. पुन्हा पाहण्यासाठी मात्र सगळेच चित्रपट निवडू नयेत. वहीत ज्यांच्यापुढे कारण म्हणून झोप, ऊन, आवाज किंवा भलतीच अपेक्षा लिहिलेली आहे तेवढेच निवडावेत. माझ्या वहीत असे अकरा आहेत. त्यांतले सात दुसऱ्यांदा पाहून झाले, तीन आवडले, चार पुन्हा कंटाळवाणे वाटले, आणि त्या चारांपुढे आता कारणाच्या रकान्यात दिग्दर्शकाचे नाव आहे.