मक्यावरची लष्करी अळी: आधी पोंगा बघा, मग पंप उचला

मका उगवून दोन-तीन पानांवर आला की आठवड्यातनं दोनदा तरी रानात फेरी मारायचीच, कारण अमेरिकन लष्करी अळीचा बंदोबस्त पहिल्या महिन्यात झाला तर झाला, नंतर औषधावर नुसता पैसा जातो. ही कीड आपल्याकडची नाही, २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या मक्यात नाही म्हणजे आपल्याकडे येणार नाही असं धरून चालू नका.

पेरणीच्या आधीच बियाण्याला सायँट्रानिलीप्रोल १९.८ + थायामेथोक्झाम १९.८ टक्के एफएस हे किलोला ६ मिली लावा, म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोप बऱ्यापैकी सांभाळलं जातं. बियाणं कंपनीकडूनच ट्रीटमेंट होऊन आलं असेल तर बॅगेवर काय लिहिलंय ते बघून घ्या, परत लावू नका. गावातल्या पेरण्या शक्यतो एकाच वेळी व्हाव्यात, मागे-पुढे झाल्या की अळीला सतत कोवळा मका मिळत राहतो. मक्यात तूर, मूग किंवा उडीद आंतरपीक घेता आलं तर उत्तम.

उगवण झाली की एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून अडकवणारे) लावायचे, पतंग अडकायला लागले की फेऱ्या वाढवायच्या. मादी पानावर १००-२०० अंड्यांचा पुंजका घालते, वर मळकट केसांचं आवरण असतं, दिसला की तिथंच चिरडा. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसतात. औषध सगळ्यात चांगलं लागू पडतं ते याच वेळी!

मोठी अळी पोंग्यात, म्हणजे झाडाच्या शेंड्याला गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत शिरते. पोंगा हाताने उघडून बघा, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसेल, ती बाजूला केली की खाली बहुतेक एकच अळी सापडते कारण ह्या एकमेकींना खातात. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असले की ओळख पक्की.

आता मोजायचं कसं, तर रानात पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी २० झाडं बघा. १०० पैकी ५ झाडांवर चट्टे दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा, किंवा अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिटरला ५ मिली. अर्क घरी करायला ५ किलो निंबोळीची पावडर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी कापडातनं गाळा आणि थोडा साबणचुरा घालून १०० लिटर करा, स्वस्तात पडतं आणि मित्रकिडीही, म्हणजे अळी-अंडी खाणारे कीटक, वाचतात.

१० टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र रासायनिक औषधाशिवाय भागत नाही. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी पंपाला ६ मिली. दोन्ही एकत्र करू नका, आणि दुसरी फवारणी लागलीच तर औषध बदला. दुकानदार सोबत दोन-तीन बाटल्या देत असेल तर सरळ नाही म्हणा. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, मास्क-हातमोजे घालून, आणि नोझल पोंग्यावर धरून. चालता चालता वरवर मारलेलं औषध पानावरच राहतं, अळी आत तशीच जिवंत.

अळी फार मोठी झाली की फवारणी तितकी लागत नाही, तेव्हा आमिष वापरा. १० किलो साळीचा भुसा आणि २ किलो गूळ २-३ लिटर पाण्यात कालवून २४ तास ठेवायचं, टाकायच्या अर्धा तास आधी १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळायचं आणि हातमोजे घालून चिमूट-चिमूट पोंग्यात सोडायचं, एवढं एका एकराला पुरतं. जनावरं आणि कोंबड्या त्या बाजूला फिरकू देऊ नका.

तुरा बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणीचा खर्च निघत नाही, तेव्हा कणसातल्या अळ्या वेचून मारा. चाऱ्याच्या मक्यावर तर रासायनिक औषध मारूच नका, ते थेट गाई-म्हशींच्या पोटात जातं, तिथं निंबोळी अर्कावरच भागवा. मका निघाला की खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्या म्हणजे मातीतले कोष वर येतात आणि पक्षी वेचतात, आणि त्याच रानात लागोपाठ परत मका घेऊ नका.