प्रवाळ आणि समुद्री माशांच्या पैदाशीसाठी हरितगृह कसे उभारावे

प्रवाळांसाठी हरितगृह बांधताना आराखडा वर्षातल्या सर्वांत कडक दुपारचा विचार करून आखावा. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसते. पाणी बरेच दिवस 30 अंश सेल्सिअसच्या वर राहिले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि उपाशी मरू लागतात. म्हणून पाणी 25 ते 27 अंशांत राखायचे, बाकी सगळे त्यानंतर.

छताला दुहेरी थराचे पॉलिकार्बोनेट घ्या आणि त्यावर बाहेरून, पत्र्यापासून थोडी उंच, 50 ते 70 टक्क्यांची शेडनेट ताणा. जाळी आतून लावली तर उष्णता आत येऊन बसते. सांगाडा लाकडाचा किंवा फायबरग्लासचा बरा. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप टाक्यांवर नकोत. खाऱ्या दमट हवेत गंजून त्यांचे थेंब पाण्यात पडतात, आणि जस्त व तांबे प्रवाळांना विषासारखे आहेत.

टाक्या उथळ आणि पसरट ठेवा, 30 ते 40 सेंटीमीटर पाणी पुरते. त्या सगळ्या एकाच मोठ्या साठवण टाकीला जोडा. ही टाकी जमिनीत अर्धी गाडली तर उत्तम, कारण मातीचा गारवा मिळतो आणि पाणी जितके जास्त तितके ते हळू तापते. पृष्ठभागावरून वारा जाईल असे पंखे बसवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. मात्र दमट हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर बाष्पीभवन मंदावते आणि ही सोय वाया जाते. वाफेबरोबर मीठ जात नाही, त्यामुळे घटलेली पातळी नेहमी गोड्या आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच भरा, शक्यतो आपोआप चालणाऱ्या झडपेने.

आता समुद्राचे पाणी. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षारता येईल इतके समुद्री मीठ मिसळा आणि रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर 1.025 ते 1.026 घनता तपासा. सच्छिद्र दगड टाकून, त्यांत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजावेत म्हणून, चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही जीव आत नको. या रिकाम्या काळात एका दुपारी मुख्य बटण स्वतः बंद करा आणि बॅटरीवरचे हवेचे पंप लागतात का, तापमान तासाभरात किती चढते, हे पाहा. नंतर हे पाहण्याची वेळ आली तर किंमत जीवांनी मोजावी लागते.

सुरुवात झेनिया, मशरूम अशा मऊ प्रवाळांनी करा. माँटिपोरा, अ‍ॅक्रोपोरा हे कठीण प्रवाळ नंतर. नवा प्रवाळ पहिले दोन-तीन आठवडे दुहेरी जाळीखाली ठेवा, एकदम उघड्या उन्हात आणला तर भाजतो. उन्हात कठीण प्रवाळ झपाट्याने सांगाडा बांधतात आणि पाण्यातली अल्कलिनिटी (कार्बोनेट क्षारांचे प्रमाण) ओढून घेतात. ती रोज ठरलेल्या वेळी मोजून 8 ते 9 डीकेएचवर (हे तिचे एकक) धरून ठेवा. कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास असावे. रोपे करायची तर फांदी कटरने तोडून सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने (सुपरग्लूने) सिरॅमिकच्या बुडावर चिकटवा. झोअँथिड हे बटणासारखे मऊ जीव कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकते.

माशांत पहिली निवड क्लाउनफिशची. दोन लहान पिल्ले एकत्र वाढवली की त्यांतले मोठे मादी होते आणि जोडी जमते. मादी सपाट फरशीवर अंडी चिकटवते आणि नर ती राखतो. साधारण आठव्या रात्री, अंधार झाल्यावर, अंडी फुटतात. पण पिल्लांना हरितगृहाचा उजेड सोसत नाही. त्यांच्यासाठी शेजारी एक अंधारी खोली, काळ्या भिंतींच्या टाक्या आणि मंद दिवा ठेवा. पहिल्या दिवसापासून त्यांच्याभोवती रोटिफर (खाद्य म्हणून वाढवले जाणारे सूक्ष्म जीव) दाट हवेत, म्हणून रोटिफरचे पीक अंड्यांच्या आधीच तयार असू द्या. आठवडाभराने नुकतेच अंड्यांतून फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव) सुरू करा. दहा ते पंधरा दिवसांत अंगावर पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्ले तळाकडे वळतात. तिथून पुढे त्यांना जाळीखालच्या टाकीत, दिवसागणिक थोडा उजेड वाढवत, नेता येते.