दहा आकडे सांगण्याआधी: घरातल्या फोनची माहिती कशी सांभाळावी

किराणा दुकानाच्या काउंटरवर आई तेलाची पिशवी, दोन किलो तांदूळ आणि गुडघ्याला लावायचा बाम ठेवते. बिल होण्याआधी काउंटरवरची मुलगी विचारते, "मावशी, नंबर सांगा." आई दहा आकडे घडाघडा म्हणते. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनाही ते ऐकू जातात. आपली माहिती कुठे कुठे जाते याचा विचार करताना मी या दहा आकड्यांपासूनच सुरुवात करते.

माहिती जुळवणाऱ्या संगणकाला नावाचा फारसा उपयोग होत नाही. पाटील आणि जाधव आडनावाच्या सुनीता शेकड्यांनी सापडतील. नंबर मात्र एकाचाच असतो आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. किराण्याचं बिल एकीकडे, औषधाचं दुसरीकडे, साडीच्या दुकानाचं तिसरीकडे पडलेलं असतं. या याद्या कधी एकत्र आल्या, तर तो नंबर दोऱ्यासारखा त्या ओवून टाकतो. मग अंदाज बांधला जातो: वय साठीच्या पुढचं, गुडघेदुखी, महिन्याचा खर्च इतका. त्या अंदाजावरून जाहिराती ठरतात, फोन येतात. अंदाज चुकला तरी आपल्याला तो कोणी दाखवत नाही, आणि न दिसलेली चूक दुरुस्त तरी कशी करणार?

पहिलं काम काउंटरवरच

"नंबर देत नाही, तसंच बिल करा." एवढं वाक्य पुरतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे की बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये. मुलीशी वाद घालू नका, तिला वरून तसं सांगितलेलं असतं. घरपोच सामान मागवताना किंवा वॉरंटीसाठी नंबर लागतो, तिथे जरूर द्या. पॅथॉलॉजी लॅबला रिपोर्ट पाठवायला लागतो, तिथेही द्या, पण "जाहिरातीचे मेसेज नकोत" हे त्याच वेळी सांगा. माझ्या आत्याने एका लॅबमध्ये साखरेची तपासणी करून घेतली आणि आठवड्याभरात तिला मधुमेहाच्या 'पॅकेज'साठी फोन यायला लागले. नंबर कुठून गेला हे तिला आजही सिद्ध करता येणार नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे.

आता फोन हातात घ्या

या कामाला अर्धा तास द्या. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून प्रायव्हसीत जा आणि परमिशन मॅनेजर शोधा. फोनच्या कंपनीनुसार जागा थोडी बदलते. नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'परमिशन' टाका. आधी तीनच गोष्टी तपासा: लोकेशन, कॉन्टॅक्ट्स आणि मायक्रोफोन. प्रत्येक ॲपपाशी एकच प्रश्न विचारायचा. याच्या कामाला हे खरंच लागतं का?

आईच्या फोनवर पंचांगाचं एक ॲप होतं. त्याला लोकेशन दिलेलं होतं. सूर्योदयाची वेळ गावाप्रमाणे बदलते, म्हणून तेवढं पटण्यासारखं आहे. पण त्यासाठी आमची गल्ली कळायची गरज नाही, गाव कळलं तरी पुरे. अँड्रॉइड १२ पासून लोकेशन देताना 'नेमकं' आणि 'अंदाजे' असे दोन पर्याय असतात, त्यातला 'अंदाजे' निवडला. त्याच ॲपला कॉन्टॅक्ट्सचीही परवानगी होती. तिथी सांगायला मामाचा नंबर कशाला लागतो? ती काढून टाकली, आणि पंचांग अजून व्यवस्थित चालतं.

कॉन्टॅक्ट्सबद्दल मी जास्त आग्रही आहे. तिथे आपण फक्त आपली माहिती देत नाही, तर मामाची, शेजारच्या काकूंची, डॉक्टरांची माहिती त्यांना न विचारता देऊन टाकतो. कर्ज देणाऱ्या ॲपांच्या बाबतीत तर हे जिवावर बेतलं आहे. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून माणसाची बदनामी केली जायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या सूचनांमध्ये अशा ॲपांना कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फोटोंच्या फायली बघायला मनाई केली. कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर तिथेच थांबा आणि ॲप काढून टाका.

नुसतं ॲप काढल्याने मात्र खातं पुसलं जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. आधी ॲपमध्ये जाऊन 'अकाउंट डिलीट' करा, मग ॲप काढा. खातं उघडू देणाऱ्या ॲपने ते बंद करायचीही सोय द्यावी, असा ॲपल आणि गूगल दोघांचाही नियम आहे.

दुकानात जे काम नंबर करतो, तेच फोनच्या आत जाहिरातींची ओळख, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी करते. एका ॲपमध्ये काय बघितलं ते दुसऱ्यातल्या माहितीशी तिच्यामुळे जोडता येतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, गूगल, ॲड्स असं जाऊन ती डिलीट करता येते. आयफोनवर ॲपने मागोवा घेण्याची परवानगी मागितली की नाही म्हणा. जाहिराती थांबणार नाहीत, पण त्या आपल्याला कमी ओळखतील.

गूगलच्या खात्यात 'माय ॲक्टिव्हिटी' उघडून शोधांचा आणि यूट्यूबचा इतिहास तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असं लावून ठेवा. आपण कुठे कुठे गेलो याची नोंद ठेवणारी गूगल मॅप्सची टाइमलाइन वापरत नसाल तर बंद करा.

एआयला कागद दाखवताना

रक्ताचा रिपोर्ट चॅटबॉटला दाखवून "मराठीत समजावून सांग" म्हणणारे आता घरोघरी आहेत. मी त्यांना अडवणार नाही. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, आणि घरी आल्यावर प्रश्न सुचतात. फक्त फोटो टाकण्याआधी तो कापा. वरची पट्टी, म्हणजे नाव, वय, मोबाइल नंबर, बारकोड, सगळी जाऊ द्या. हिमोग्लोबिनचा आकडा समजून घ्यायला नाव लागत नाही. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स असतात. तिथे आपलं बोलणं मॉडेल सुधारण्यासाठी वापरू देण्याचं बटण बंद करा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा हे तर टाकूच नका. हॉटेलात वगैरे आधारची प्रत द्यावीच लागली तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

आवाजाची नक्कल करणारी साधनंही आता सहज मिळतात. "आई, मी अडचणीत आहे, पैसे पाठव" असा मुलाच्या आवाजात फोन आला तर काय करायचं, हे आधीच घरात ठरवून ठेवा. आमच्या घरी एक शब्द ठरला आहे. तो कुठे लिहिलेला नाही, व्हॉट्सॲपवरही नाही. फोन करणाऱ्याला तो सांगता आला नाही, तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपणच लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात.

कायद्याचं एक कलम

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती कशासाठी घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणं त्यात आहे, म्हणजे मराठीतही. आईला न कळणाऱ्या इंग्रजीवर 'आय ॲग्री' दाबायला लावणं थांबावं, म्हणून हे कलम मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी पुन्हा त्या नंबराकडे. संचार साथी या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आईच्या नावावर चार निघाली. एक तिचं, एक बाबांचं, एक माझ्या भावाने कॉलेजात असताना घेतलेलं. चौथं कोणाचं ते आम्हाला कोणालाच ओळखता आलं नाही. त्याच्यापुढे 'माझा नंबर नाही' निवडून तक्रार नोंदवली, आणि तिचा क्रमांक आईने स्वतःच्या हाताने कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.