मॅटाडोरची कॅम्पर करताय? आधी पत्रा बघा, पडदे नंतर

आत झोपता-रांधता येईल अशी कॅम्पर करायला जुनी मॅटाडोर व्हॅन दारात आली आणि मी पहिला फोन सुताराला केला. महिनाभरात बेड झाला, छोटा ओटा झाला, बायकोनं पडदेसुद्धा शिवले. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठ दिवसांत गादीला कुबट वास सुटला. प्लाय उचकटला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्रेवाल्यानं खालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो आरपार रस्त्याकडं निघाला. "सायब, पत्रा कुठाय ह्यात? चाळण हाय ही," एवढंच तो बोलला. सुताराचे पैसे पाण्यात गेले, खरोखरच्या पाण्यात.

बजाज टेम्पोची ही गाडी आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळीकडं फिरलेली. मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६ डिझेल इंजिन असलेली मिळाली, तर इंजिन बहुतेक दगा देत नाही. दगा देतो तो पत्रा.

गंज झाकणं

विकणाऱ्यानं नवा रंग मारून ठेवला असेल तर खूश होऊ नका. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पुढच्या काचेच्या रबराखाली, छताच्या पन्हळीत, चाकावरच्या कमानीत आणि दाराच्या पायरीखाली हमखास बघा. पायरीच्या पोकळीला खालून निचऱ्याची भोकं असतात. चिखलानं ती बुजली की आत पाणी साठतं आणि पत्रा आतून कुजतो.

कुजलेल्या जागी वरून पट्टी मारू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि मगच नवा जोडा. साध्या आर्क वेल्डिंगनं पातळ पत्र्याला भोकं पडतात, म्हणून सीओटू वेल्डिंगवाला शोधा. एका दमात लांब शिवण मारली तर पत्रा तापून वाकतो. छोटे टाके, इकडं एक, तिकडं एक. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जातात. डिझेलची टाकी जवळ असेल तर तीही उतरवा.

आता माझी दुसरी चूक. पत्राकाम झाल्यावर रेड ऑक्साइड (रंगाआधीचा तांबडा प्रायमर) मारला आणि "रंग दिवाळीनंतर बघू" म्हणून गाडी तशीच उघड्यावर ठेवली. साधा रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, ओल आत जाऊ देतो. ऑक्टोबरमध्ये घासला तर खाली नवा गंज! इपॉक्सी प्रायमर मारा, सांध्यांत सीलर भरा आणि रंगाचा पहिला हात लगेच द्या. कोल्हापुरात हे काम दसऱ्यानंतर सुरू करून मे लागायच्या आत संपवावं. वळवाचा पाऊस काही विचारून येत नाही.

सुताराला बोलवायच्या आधी एक परीक्षा घ्या. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडं जातं आणि नेमकी फट कळत नाही. आत थेंब जिथं पडतो तिथंच फट असेल असंही नाही. छतावरची गळती वाट काढत दाराशी टपकते.

भिंतीत काहीही कोंबणं

ऊन-थंडी अडवायला भिंतीत ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलं तर ते ओल धरून ठेवतं. दोन माणसं रात्रभर आत झोपली की श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते, आणि ते पाणी पॅनेलच्या मागं बसून राहतं. पाणी न शोषणारा नायट्राइल फोम पत्र्याला घट्ट चिकटवा.

दिवे, पंखे आणि इन्व्हर्टर

गाडीच्या बॅटरीवरच पंखा आणि फ्रिज चालवला की सकाळी स्टार्टर हूं का चूं करत नाही. घरगुती वापराला वेगळी बॅटरी ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये रिले टाका, म्हणजे इंजिन चालू असतानाच त्यांना जोडणारा स्विच. हिशोब सोपा आहे: वॅटला १२ नं भागा. ६० वॅटचा फ्रिज चालू असताना ५ अँपियर घेतो. १००० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला तर ८० च्या वर. बारीक वायर इथं जळणारच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

दिवे मिणमिणत असतील तर बल्ब बदलत बसू नका. हेडलाइट लावून मल्टिमीटरनं बॅटरीचा निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यातला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर अर्थिंग खराब आहे. जोड घासून साफ करा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून वरची खिडकी पुरत नाही, सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. आणि शेगडी पेटती ठेवून झोपू नका, थंडी कितीही असो.

कागद

"व्हिंटेज आहे" म्हणून आरटीओत सूट मिळेल ही समजूत सोडा. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. आपली मॅटाडोर बहुधा दोन्हीत बसत नाही. रंग आणि रचना बदलण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नाही.

थेट घाटात जाणं

१८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट ३० किलोच्या आसपास भरते, पाणी लिटरला किलो. एवढं वजन चढलेली गाडी, वर्षानुवर्षं न वापरलेले ब्रेक घेऊन गगनबावड्याचा उतार उतरायचा म्हणजे जीवाशी खेळ. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते पूर्ण बदला. रबरी होज आणि व्हील सिलिंडरही नवे घाला. टायर जाड दिसतो म्हणून फसू नका, त्यावरचे चार आकडे वाचा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

पहाटे पांढरा धूर येऊन इंजिन लागत नसेल तर आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणारे) आणि डिझेल लाइनमधली हवा तपासा. चढाला तापत असेल तर मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगेल. त्याऐवजी रेडिएटर साफ करून घ्या.

पहिली फेरी पन्हाळ्याची करा, वीसेक किलोमीटर, चढ आणि उतार दोन्ही मिळतात. खाली आल्यावर चारही चाकांपाशी जाऊन प्रत्येकाच्या मधोमध हात जवळ नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.