भुताचा गेम आधी तपासा, मग ठेवा

हॅलोविनच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात हॉरर गेम स्वस्त होतात. घेतल्यावर कळतं की आपला जुना लॅपटॉप अडखळतोय, किंवा गेम भीतीदायक कमी आणि कंटाळवाणा जास्त आहे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटवर दोन वर्षं असेच पैसे गेले. आता असं करतो:

१. घेतल्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल, तर स्टीम पैसे परत देतं. त्यामुळे घेतल्या दिवशीच तपासायचं, दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबायचं नाही.

२. डाउनलोडचा वेळ या २ तासांत धरत नाहीत. तो रात्रभर चालू द्या.

३. मोबाइलवर ४५ मिनिटांचा टायमर लावा. दिवे बंद, हेडफोन कानात. हॉररमध्ये निम्मं काम आवाज करतो. स्पीकरवर खेळून मत बनवू नका.

४. पटलं नाही तर स्टीमच्या ‘हेल्प’मध्ये जाऊन खरेदी निवडा आणि रिफंड मागा.

लॅपटॉप अगदीच म्हातारा असेल तर २०१० चा ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ घ्या. जुना आहे, पण अंधारात अजूनही घाम फोडतो. मित्र जमणार असतील तर चौघांपर्यंत खेळता येणारा ‘फॅस्मोफोबिया’ बघा, मात्र त्याला बरा लॅपटॉप लागतो.

एक सांभाळा: गेम पॉज करून चहाला गेलात तरी २ तासांचं घड्याळ चालूच राहतं. उठताना गेम पूर्ण बंद करा.