जुन्या पीसीचा ग्राफिक्स ड्रायव्हर: कार्डाच्या नावावर जाऊ नका, आयडी बघा

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० टाकलं आणि स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडकलीय, सगळं ताणल्यासारखं दिसतंय, यूट्यूब पण अडकत अडकत चालतंय, तर लगेच सीपीयू उचलून नाशिकचा कॅनडा कॉर्नर, म्हणजे रिपेअरवाला गाठू नका भो, बऱ्याचदा नुसता ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स चिप चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, बसलेला नसतो. आणि ते एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारं सॉफ्टवेअर तर अजिबात घेऊ नका, ड्रायव्हर राहतो बाजूला आणि भलतंच काहीतरी येऊन बसतं.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं म्हणजे ड्रायव्हर नाहीये. त्यावर डबल क्लिक, डिटेल्स टॅब, खालच्या लिस्टमधून हार्डवेअर आयडीज. व्हीईएनच्या (VEN, म्हणजे चिप बनवणारी कंपनी) पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. डीईव्हीच्या (DEV) पुढचा कोड म्हणजे नेमकी चिप, ती ओळ कॉपी करून सर्च मारा. खोक्यावरच्या नावाचा भरवसा नाही, एनव्हिडियाचं जीटी ७३० तर फर्मी आणि केपलर अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपवर निघालंय आणि दोघांचे ड्रायव्हर वेगळे.

लेटेस्टच पाहिजे हा हट्ट सोडा. एनव्हिडियाच्या जिफोर्स २१० साठी शेवटचा ड्रायव्हर म्हणजे व्हर्जन ३४२.०१, जीटी ६१० साठी ३९१.३५, त्याच्या पुढचा टाकायला गेलात तर इन्स्टॉलरच नाही म्हणतो. एएमडीच्या एचडी ५००० आणि ६००० ला २०१५ चा कॅटलिस्ट (एएमडीचं ड्रायव्हर पॅकेज) १५.७.१ बास. इंटेलचं ऑनबोर्ड, म्हणजे वेगळं कार्ड नसलेलं ग्राफिक्स असेल तर आधी नेट लावून विंडोज अपडेट चालवा, ऑप्शनल अपडेट्स पण बघा, बहुतेकदा तिथंच काम होतं. बाकी सगळं फक्त कंपनीच्या साइटवरून, आणि तुमचं विंडोज ३२ बिट का ६४ बिट ते बघूनच डाउनलोड करा.

टाकायच्या आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेता येतं, जुना अर्धवट ड्रायव्हर पडलेला असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) साफ करा. सिडकोत आमच्याकडे लाईटचा काही नेम नसतो, यूपीएस नसेल तर पाऊस-वारा सुरू असताना इन्स्टॉल लावूच नका. मधे स्क्रीन दोन-चार सेकंद काळी होते, घाबरून बटण दाबू नका.

एवढं करूनही फरक नाही पडला तर मागे वाकून बघा, वेगळं कार्ड लावलंय आणि मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डलाच असेल.