ॲप झोपलं तरी स्पीकर वाजला पाहिजे

घरोघरी वायफायचे स्पीकर बसवून द्यायचे, हा माझा धंदा. पुण्यात. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "आवाज कसा आहे हो?" आता मीच आधी विचारतो, "याचं ॲप बंद पडलं तर काय कराल?" बहुतेक जण हसतात. मग मी सोनोसचं काय झालं ते सांगतो.

सोनोस ही कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराची कंपनी, 2002 सालची. घरातल्या सगळ्या खोल्यांत एकच गाणं, जराही मागेपुढे न होता वाजवायचं, ही तिची खासियत. लोक आधी हॉलसाठी एक घ्यायचे, मग बेडरूमला, मग स्वयंपाकघराला. वर्षानुवर्षं असा संच जमवलेली गिऱ्हाइकं, म्हणजे कुठल्याही कंपनीला हेवा वाटावा अशी. 7 मे 2024 रोजी कंपनीने नवं ॲप आणलं आणि ही गिऱ्हाइकं चिडली. अलार्म नाही, स्लीप टाइमर नाही, रांगेतली गाणी खालीवर करता येईनात, घरच्या हार्ड डिस्कवरची गाणी धड शोधता येईनात. आवाज कमी करावा तर तो जरा वेळाने कमी होणार. कधी स्पीकरच सापडेना. अंध लोक ज्याच्या भरवशावर फोन वापरतात, त्या स्क्रीन रीडरशीही ॲपचं जमेना. यावर कंपनीच्या वरिष्ठांचं पहिलं म्हणणं काय, तर असं नव्याने बांधायला धाडस लागतं! धाडस त्यांचं, भुर्दंड गिऱ्हाइकाला.

लक्षात घ्या, त्या स्पीकरमधला एकही पार्ट बिघडला नव्हता. आदल्या रात्री ठणठणीत वाजणारा माल होता.

"मग जुनं ॲप परत द्या ना," असं लोक म्हणालेच. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की ते आता जमणार नाही. आमच्या कामाच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं काय, तर हे. ॲप म्हणजे फक्त फोनवरचा चेहरा. त्याच्यामागे स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर असतं आणि कंपनीचे सर्व्हर असतात. तिन्ही एकदम बदलली होती, त्यामुळे नुसता चेहरा जुना लावून भागणार नव्हतं. दुरुस्तीला दोन ते तीन कोटी डॉलर लागतील असा कंपनीचाच अंदाज होता. त्याच महिन्यात शंभरेक माणसांची नोकरी गेली आणि जानेवारी 2025 मध्ये मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले.

एवढी नावाजलेली कंपनी अशी आपटू शकते, तर बाकीच्यांवर डोळे झाकून किती विसंबायचं? म्हणून मी गिऱ्हाइकांकडून काय काय करून घेतो, ते सांगतो.

दुकानात

दुकानदाराला सांगा, राऊटर चालू ठेवा, फक्त त्यातली इंटरनेटची वायर काढा. वायफाय राहील, इंटरनेट जाईल. आता तुमच्या फोनमध्ये साठवलेलं एखादं गाणं त्या स्पीकरवर लावून दाखवायला सांगा. लागलं तर उत्तम. ॲपने "लॉगिन करा" म्हणून पांढरा पडदा दाखवला, तर समजा की तुमच्या दिवाणखान्यातला आवाज दुसऱ्याच देशातल्या कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या मर्जीवर आहे. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.

मग स्पीकर उलटा करून पाठ बघा. 3.5 मिलिमीटरचा ऑक्स जॅक, म्हणजे वायरने गाणी जोडायचं भोक आहे का? टीव्हीसाठी असेल तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल आहे का? ब्लूटूथ आहे का? आवाजाचं आणि थांबवायचं बटण अंगावरच आहे का? ॲपला वळसा घालणारे हे रस्ते आहेत, किमान दोन तरी हवेतच. सोनोसच्याच घरात बघा: सोनोस वनला ऑक्सही नव्हता आणि गाणी वाजवायला ब्लूटूथही नव्हतं. सोनोस फाइव्हला ऑक्स आहे. 2023 मध्ये आलेल्या इरा 100 आणि इरा 300 ला ब्लूटूथ आहे, वायर लावायची तर अडॅप्टर मात्र वेगळा विकत घ्यायचा. त्या गोंधळात ज्यांच्याकडे आयफोन होता, त्यांना ॲपलच्या एअरप्ले 2 या सोयीने हात दिला. गाणं फोनवरून थेट स्पीकरवर, मधलं ॲप गेलं उडत.

प्ले स्टोअरवरचे तारे बघून भुलू नका. प्रतिक्रिया "नवीनतम" अशा क्रमाने लावा आणि गेल्या दोन महिन्यांतल्या वाचा. "अपडेटनंतर" हा शब्द वारंवार दिसला की मी तरी ते मॉडेल सुचवत नाही.

कंपनीने कधी माफी मागितली असेल, तर ती तारीख लावून वाचा. सोनोसचं माफीपत्र 25 जुलै 2024 चं, म्हणजे ॲप आल्यावर अडीच महिन्यांनी. माझ्या लेखी त्या पत्रापेक्षा ऑक्टोबरमधली घोषणा वजनदार होती: घरच्या स्पीकरची वॉरंटी एक वर्षाने वाढवली, आणि ॲप सुधारून लोकांचा विश्वास परत मिळेपर्यंत वरिष्ठ बोनस घेणार नाहीत असं सांगितलं. खिशाला चाट बसते तेव्हा माणूस मनापासून दुरुस्ती करतो.

घरी आणल्यावर

खातं कोणाच्या नावाने उघडताय ते आधी ठरवा. आमच्याकडे नेहमीचा प्रकार असा: मुलगा दिवाळीला सिॲटलहून येतो, हौसेने स्वतःच्या ईमेलवर स्पीकर जोडून देतो आणि परत जातो. दोन महिन्यांनी ॲप लॉगआउट होतं. कोड जातो मुलाच्या फोनवर, तिथे मध्यरात्र, आणि इथे बाबा अभंग लावायला खोळंबलेले. खातं घरात राहणाऱ्या माणसाच्या ईमेलवरच उघडा.

मग एक कागद घ्या. मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, खात्याचा ईमेल आणि आज असलेली सॉफ्टवेअर आवृत्ती त्यावर लिहा. ॲपमधल्या अलार्मचे आणि खोल्यांच्या नावांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कागद टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आपोआप अपडेट बंद करा. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर जा, वर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि ऑटो अपडेटची खूण काढा. स्पीकरच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर तिथेही. नवी आवृत्ती आली की दोन-तीन आठवडे इतरांना ठेचा लागू द्या, ओरड झाली नाही तर मग घ्या. कायमचं अडवून मात्र ठेवू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात.

सहकारनगरच्या एका काकांना अजिबात दिसत नाही. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर लावून ते एका कंपनीचा स्पीकर झकास चालवायचे. कुठे बोट ठेवलं की "थांबवा" ऐकू येतं आणि कुठे "पुढचे", हे हाताला पाठ झालेलं. मग एक अपडेट आलं. मी गेलो तेव्हा त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि बोट फिरवलं. फोन बोलला, "बटण. बटण. बटण. नाव नसलेलं बटण." स्पीकर भारी होता, फेकवत नव्हता. सुदैवाने मागे ऑक्स होता. यूएसबी पेनड्राइव्ह घेणारा एक साधा प्लेअर आणला, वायरने जोडला. त्याच्या पुढच्या पट्टीवर आवाजाचा गोल खटका, शेजारी चार उठावदार बटणं. थांबवायच्या बटणावर काकूंनी टिकली लावली. काका आता चाचपून चालवतात आणि फोन आत चार्जिंगला असतो. घरात कोणी वयस्कर किंवा अंध असेल, तर ही दुसरी वाट पहिल्या दिवशीच करून ठेवा.

बंद पडल्यावर

लगेच कंपनीच्या नावाने शंख करू नका. आपल्याकडचं सर्रास दुखणं वेगळंच असतं. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःचं वायफाय सोडतो आणि रेंज कमी म्हणून आपण त्यावर आणखी एक राऊटर लावतो. फोन एकावर, स्पीकर दुसऱ्यावर. दोघांची गाठच पडत नाही. डब्याचं वायफाय बंद करा, किंवा आपला राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता डब्याचंच नेटवर्क पुढे पसरवेल. फोनवर व्हीपीएन चालू नाही ना बघा. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपला "लोकल नेटवर्क"ची परवानगी आहे का तेही तपासा. मग सगळं बंद करून क्रमाने चालू करा: आधी डबा, मग राऊटर, शेवटी स्पीकर. प्रत्येकाला दोन मिनिटं द्या.

तरीही ढिम्म? मग इतरांचंही बंद आहे का ते शोधा आणि तोवर फॅक्टरी रीसेटला, म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून स्पीकर कोरा करायला, हात लावू नका. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही टीव्हीला आणि स्पीकरला जोडायची गूगलची यंत्रं जगभर एकदम बंद पडली. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, बाकी काही नाही. रीसेट करू नका, असं गूगलने सांगितलंही. ज्यांनी आधीच घाईने केलं होतं, त्यांचं यंत्र नव्याने जोडलंच जाईना. जे गप्प बसले, त्यांचं काही दिवसांत घरबसल्या सुरू झालं. दरम्यान ऑक्स लावा, ब्लूटूथ लावा, गाणी ऐका.

तक्रार करताना "तुमचं ॲप बकवास आहे" असं लिहून उपयोग नाही. असं लिहा: "अमुक मॉडेल, अमुक तारखेला घेतलं, बिल सोबत. खोक्यावर अलार्मची सोय छापली आहे, फोटो सोबत. अमुक तारखेच्या अमुक आवृत्तीपासून ती चालत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर पैसे परत द्या." विक्रेता आणि कंपनी दोघांनाही ईमेल करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथेही अडलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील असलाच पाहिजे असंही नाही.

या सगळ्याला बिल लागतं, भारतातलं आणि जीएसटीचं. चुलतभावाने बॅगेतून आणलेल्या स्पीकरच्या बाबतीत माझ्याकडे उपाय एकच: पाठीमागे ऑक्स आहे का ते बघतो.